कागदावरची बहीण

काकड्याबाबा सापटा माझ्या टेबलाशी पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना हाकलून दिलं होतं. उगाच चांगुलपणाचा आव आणायचा नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

मी दक्षा. डहाणूत कचेरीबाहेर ताडपत्रीखाली माझं टेबल आहे, सव्वीस वर्षं झाली. आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि एक खोकणारा प्रिंटर. अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि मुख्य म्हणजे वंशावळी. कोणाचा बाप कोण, त्याचा बाप कोण, कोण हयात, कोण मयत, हे फांद्या काढून लिहायचं. जातीच्या दाखल्याला लागते, वारस लावायला लागते. हजारभर घरांचे पूर्वज माझ्या या दोन हातांनी कागदावर उतरलेत. माझ्या स्वतःच्या घरचं विचाराल तर नवरा रेल्वेत होता, गेला. मुलगी बडोद्याला असते. चिखल्याच्या घरी मी आणि टीव्ही.

तर बाबा आले ते २०१९ च्या जानेवारीत. हातात एक मृत्यूचा दाखला, चार घड्या घातलेला. माझ्यापुढं सात माणसं उभी, प्रिंटरमध्ये कागद अडकलेला, डोकं तापलेलं.

"बाय, ह्यात माझा नाव कुठं हाय तेवढा दाखव."

"बाबा, मेलेल्या माणसाचं नाव असतं त्यात. तुम्ही जिवंत आहात ना? मग तुमचं कशाला असेल? चला, सरका बाजूला."

सरकले. भिंतीला टेकून बसले ते पाच वाजेपर्यंत. मी आवराआवर करून निघाले तरी बसलेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशी मीच वैतागून म्हटलं, "द्या इकडं, एकदाचं वाचते."

दाखला रूपी नावाच्या बाईचा. गाव कैनाड. वय अंदाजे बासष्ट. वडिलांचं नाव लडक्या सापटा. पतीच्या नावापुढं एक आडवी रेघ.

"ही तुमची कोण?"

"घरातली."

"म्हणजे बायको? मग नवऱ्याचं नाव का नाही घातलं? रेशनकार्ड आणलंय का?"

आणलं होतं. सगळी कागदं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर. रेशनकार्ड जुनं, कुटुंबप्रमुख दशरथ लडक्या सापटा. खाली ओळीनं: काकड्या, भाऊ. रूपी, बहीण. मतदार यादी बघितली, आधार बघितलं. सगळीकडं काकड्या लडक्या सापटा. आणि मी, काय सांगू तुम्हाला, खो खो हसले.

"अहो बाबा, तुम्ही तर हिचे सख्खे भाऊ निघालात!"

रांगेतली माणसंही हसली. बाबाही आधी आमच्याबरोबर हसले, चार दात दाखवून. मग त्यांना ते समजलं. हसणं तसंच तोंडावर राहिलं आणि त्यांनी विचारलं, "म्हंजे कागदावर ती बिनलग्नाची मेली?"

माझं हसू तिथंच थांबलं. 

झालं होतं ते असं. काकड्याबाबा मूळचे तलासरीकडचे, झरीच्या पलीकडल्या एका पाड्यावरचे, करमोडा आडनावाचे. आई लहानपणी गेली, बाप मागोमाग. एक भाऊ होता तो उंबरगावला मजुरीला गेला, परतला नाही. अठराव्या-विसाव्या वर्षी हे कैनाडला भातकापणीला आले आणि लडक्या सापटाच्या घरी घरजावई राहिले. वारल्यांत याची लाज नसते, बरं का. आपल्याकडं घरजावई म्हटलं की नाकं मुरडतात. तिथं पोरगा राबतो, सासऱ्याची शेती करतो, घरातला होतो. लग्न चिमी नावाच्या धवलेरीनं लावलं, म्हणजे त्यांच्यात लग्न लावणारी बाई असते ती. भिंतीवर लग्नाचा चौक लिहिला, गाणी झाली, दोन दिवस गाव नाचलं. नोंदणी कोण करतो? चिमी मेली त्याला पंचवीस वर्षं झाली.

मग लडक्या गेला. वारस लावायला तलाठी आला. त्यानं ओट्यावर बसून विचारलं, म्हाताऱ्याला मुलं किती? गावातल्या जाणत्यानं सांगितलं, दोन पोरं न् एक पोरगी. यात खोटं काहीच नव्हतं. त्या घरात काकड्या पोरगाच होता. नांगर धरणारे हात दोन, म्हणून पोरं दोन. तलाठ्यानं लिहून घेतलं आणि जमिनीवर तीन वारसांचा फेरफार झाला. आणि सरकारी कागदाचं एक असतं, तो एकटा राहत नाही. एकावरून दुसरा निघतो, दुसऱ्यावरून तिसरा. रेशनकार्ड, मतदार यादी, आधार, सगळीकडं नवरा-बायको भाऊ-बहीण होऊन बसले. तीस वर्षं कोणाला पत्ता नाही, कारण वाचणारं कोणी नाही.

गंमत अशी की सापटा सापटात लग्न होऊच शकत नाही. एका कुळातली सगळी भावंडं. असं कोणी केलं तर पाडा त्याला उभं करणार नाही. आणि हे सरकारच्या दप्तरात सख्खे भाऊ-बहीण असून एका घरात, एका चुलीवर.

"बाय, एक कागद दे," बाबा म्हणाले. "एकच. त्यात लिव की ती माझी बायको होती. बाकी माना काय नको."

"जमीन?"

"जमीन दशरथच्या पोराची. माना काय करायचीय?"

"पोरंबाळं आहेत का तुम्हाला? त्यांच्या दाखल्यावर आईबाप दोघांची नावं असतील."

"दोन झाली. राहिली नाय."

"त्यांची नोंद?"

त्यांनी हात हलवला. तेव्हा मूल महिन्याच्या आत गेलं तर कोण पंचायतीत जाऊन सांगणार? चव्वेचाळीस वर्षांचा संसार, आणि त्याची कुठंही एक ओळ नाही. बाबा चिकूच्या वाडीत राबायचे, लांब बांबूला जाळी लावलेली बेडणी घेऊन झाडाखाली. ती टोपल्या भरायची. आमच्या चिखल्याच्या वाड्यांतही कामाला यायची दोघं. मी लहानपणापासून असे कितीक जण जाता-येता बघितले असतील, आणि एकाचंही नाव मला माहीत नव्हतं.

मी काम घेतलं. दया म्हणून नाही. मला राग आला होता. चुकीचा कागद बघितला की माझ्या अंगाची आग होते.

बायको सिद्ध करायची तर आधी भाऊ नाही हे सिद्ध करायला हवं. म्हणजे काकड्याचा बाप लडक्या नसून दुसराच कोणी होता असा जुना, सरकारी शिक्क्याचा पुरावा हवा. बाबांना बापाचं नाव ठाऊक, बुध्या. आज्याचं नाव सोम्या. पुढं अंधार. आईचं नाव विचारलं तर म्हणाले, "आयस." आजीचं तर तेही नाही. मी चिडले, "बायकांना नावंच नव्हती का तुमच्यात?" ते म्हणाले, "असतील ना. कोण इचारतो?" खरं आहे. माझ्या हजार वंशावळींत फांद्या सगळ्या पुरुषांच्या. बायका कंसात.

तीन वर्षं आम्ही तलासरीच्या खेपा घातल्या. मध्ये लॉकडाऊन झालं, वर्ष तसंच गेलं. एसटीनं जायचं, अर्ज द्यायचा, "पुढच्या आठवड्यात या" ऐकायचं. जुनी दप्तरं सगळी एका जागी नाहीत. तलासरी तेव्हा वेगळा तालुका नव्हता, उंबरगावकडं होता, मग राज्यं वेगळी झाली आणि माणसांबरोबर कागदही इकडं-तिकडं झाले. काही पानं गुजरातीत निघाली. ती मला वाचता येतात म्हणून बरं, माझी आई संजाणची. बाबा समोर उकिडवे बसायचे आणि मी वाचायची. त्यांना वाटायचं मी त्यांच्या बापाशी बोलतेय. एकदा मला म्हणाले, "इचार त्याला, भाऊ कुठं गेला ते."

"बाबा, हे जन्म-मृत्यूचं रजिस्टर आहे, मेलेल्यांशी बोलणारा भगत नाही."

जन्माची नोंद सापडली का? सापडली म्हणायची तर सतरा सापडल्या. त्या वेळच्या नोंदीत बाळाचं नावच नसायचं. बापाचं नाव आडनावाशिवाय, जात, गावाच्या जागी नुसतं तलासरी, आणि मूल पुरुष की स्त्री. बस. आणि बापाचं नाव बुध्या. बुधवारी जन्मला तो बुध्या, सोमवारी तो सोम्या. तलासरीत त्या काळात बुधवारी फारच बाळंतपणं झाली असावीत. सतरा बुध्यांना सतरा मुलगे, यातला आमचा कोणता? बाबांनी एकेका ओळीवर बोट ठेवलं आणि कागदाकडं असं बघितलं की ओळख पटेल. नाही पटली.  डहाणूला उतरल्यावर म्हणाले, "एवढ्या बुध्यांत माझा बाप हरवला गं बाय."

त्या दिवशी मी घरी जाऊन कुकर लावला, शिट्ट्या झाल्या, आणि ताट वाढून घ्यायची इच्छाच झाली नाही. मला का एवढं लागावं? माझ्या नवऱ्याच्या तर सगळ्या कागदांवर माझं नाव आहे. पेन्शनच्या बुकात आहे. पण खरं सांगते, ते असूनही घर रिकामंच आहे. आणि या माणसाचं घर रिकामं, वर कागदही रिकामा. हे फार होतं.

शाळेचं मला सुचलं ते नंतर. बाबांना सहज विचारलं, शाळेत कधी गेला होता का? ते लाजले. "गेलेलो. मास्तर धरून नेयचा." अरे देवा! हे तीन वर्षांत सांगायला काय झालं होतं? तर म्हणे, तू कुठं विचारलास.

त्या पाड्याजवळची जिल्हा परिषदेची शाळा. कविता मॅडम म्हणून मुख्याध्यापिका, स्वभावानं गरीब. त्यांनी लोखंडी कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातून सगळ्यात जुनं रजिस्टर काढलं. कडा वाळवीनं खाल्लेल्या. अनुक्रमांक एक्केचाळीस. मी वाचलं आणि माझा आवाज चढला: "काकड्या बुध्या करमोडा. जात हिंदू वारली. जन्म एक जून एकोणीसशे चोपन्न. इयत्ता पहिली. शेरा: गुरे राखतो, शाळेत येत नाही."

बाबा ताठ उठून उभे राहिले. मास्तरनं हजेरीला नाव घेतल्यासारखे. मग हसले. "खरा लिवला मास्तरनं. एकदम खरा."

मॅडमनी शिक्क्याचा उतारा दिला. बाबांनी तो पिशवीत ठेवला नाही. सदऱ्याच्या आत, छातीला लावून धरला आणि डहाणूपर्यंत तसेच बसून राहिले. मी सांगितलं, आता पुढल्या सोमवारी प्रतिज्ञापत्र करू. मग वारस नोंद दुरुस्त, मग दाखला दुरुस्त. पतीचं नाव, काकड्या बुध्या करमोडा. ते परत परत विचारत होते, "तिच्या नावाम्होरं माझा नाव येल ना?" येणार बाबा, येणार. मी एवढ्या ठामपणे कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

सोमवार यायच्या आधी शुक्रवारी दिपक आला.

दिपक म्हणजे दशरथचा मुलगा, बाबांच्या बायकोचा भाचा; बाबांना फुवा, म्हणजे आतोबा, म्हणायचा. कैनाडच्या त्याच घरात राहतो. डहाणूला दुकानात कामाला जातो. भला माणूस आहे, त्याला मी वाईट म्हणणार नाही. त्याच्याबरोबर त्याची मुलगी श्रुतिका. बारावी झालेली, नर्सिंगला नंबर लागलेला, सापटांच्या सात पिढ्यांत पहिली. जातीची वैधता हवी होती, त्यासाठी वंशावळ आणि चौकशी. चौकशीचे साहेब पंधरा दिवसांत घरी येणार, घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाचा जबाब घेणार. सगळ्यात वयस्क कोण? काकड्याबाबा. कागदावर लडक्याचा धाकटा मुलगा.

"दक्षाबेन," दिपक म्हणाला, "फुवानं आता तो करमोड्याचा कागद काढला तर?"

मला लगेच समजलं. वैधतेला पन्नास सालच्या आधीचा पुरावा लागतो, तो लडक्याच्या नावावरचा एकच होता, आणि त्याच्याशी पोरीचं नातं जुळणार ते त्या वारसांच्या फेरफाराच्या आधारानं. आणि त्याच फेरफारात एक मुलगा खोटा आहे असं आम्ही सोमवारी शपथेवर सांगणार होतो. एक नाव खोटं ठरलं की साहेब म्हणणार, बाकीची खरी कशावरून? फाइल बाजूला पडणार. खुलासा देता येतो, मान्यही होतो, पण वर्ष जातं. आणि कॉलेजची मुदत दीड महिन्याची.

"मग नंतर करू दुरुस्ती," दिपक हळूच म्हणाला.

"नंतर कधी?" मी त्याच्यावर डाफरले. "पोरीच्या फाइलीत एकदा शपथेवर गेलं की हा लडक्याचा मुलगा, तर पुढं याच माणसानं उलट शपथ घ्यायची? म्हणजे पोरीची वैधता पुन्हा उकरायची? आज लिहिलं की संपलं, दिपक. तिला नोकरी लागली तरी नाही, कधीच नाही."

 पोरगी रडायला लागली. मला दोघांचाही राग आला आणि कोणावर काढावा ते कळेना, म्हणून मी प्रिंटरला एक चापट मारली.

"त्यांना तुम्ही सांगा," दिपक म्हणाला. "आमचं तोंड नाही."

मी सांगितलं. सोमवारी बाबा धुतलेला सदरा घालून आले होते. मी सगळं समजावलं, काही लपवलं नाही. हेही सांगितलं की बाबा, तुम्ही नाही म्हणू शकता. तुमचा कागद खरा आहे. कोणी तुम्हाला बोट लावू शकत नाही.

ते माझ्या टेबलाशेजारी उकिडवे बसले. 

"पोरीला अंगणवाडीत कोण नेयचा, म्हायते?" ते म्हणाले. "घरातलीच नेयची. कडेवर. पोरगी चालायला लागली तरी कडेवर."

"माहीत नव्हतं."

"टाइप कर."

"बाबा, नीट विचार करा."

"केला. टाइप कर, बाय. तिला इचारला असता तं ती पण हेच बोलली असती. वर माना शिव्या दिल्या असत्या, एवढा येळ का लावलास म्हणून."

मी आयुष्यभर लोकांना ठणकावून सांगत आले की दक्षा खोटं टाइप करत नाही. त्या दिवशी केलं. लडक्या सापटा, मयत. त्याखाली तीन फांद्या. दशरथ, मयत. काकड्या, हयात. रूपी, मयत, अविवाहित. शेवटचा शब्द मी तीनदा खोडला आणि चौथ्यांदा ठेवला.

साहेब आले त्या दिवशी दिपकनं मला कैनाडला बोलावून घेतलं, कागदांत काही अडलं तर मी जवळ असावी म्हणून. अंगण सारवलेलं, खुर्च्या शेजारच्या. दिपक श्रुतिकाला कानात सांगत होता, "आजा म्हणायचं. माझ्यासाठी काका. फुवा कोणी म्हणू नका." बाबा खाटेवर बसलेले, मांडीवर हात ठेवून. साहेब शांत, समजूतदार माणूस होता. चहा घेतला, चालीरीती विचारल्या, देव कोणते, लग्नं कशी लावता. बाबांनी सगळं सांगितलं, अगदी रंगात येऊन. हिरवा, हिमाय, नारनदेव. साहेब भराभर लिहीत होते.

"बरं. लडक्यांना मुलं किती?"

"तीन."

"नावं सांगा."

"दशरथ. मंग मी."

"आणि बहीण?"

बाबा गप्प.

"बहिणीचं नाव?"

बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. साहेबांनी पेन थांबवलं. "बाबा, वंशावळीत तीन नावं आहेत. तिसरं कोणाचं?"

काही नाही. दिपकचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, विसरले, वयाचं. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तीन वर्षं मी या माणसाबरोबर एसटीत बसले होते, रजिस्टरं चाळली होती, आणि एकदाही त्यांनी ते नाव उच्चारलं नव्हतं. ती, घरातली, आमची. त्यांच्या पिढीत बायको नवऱ्याचं नाव घेत नाही तसा नवराही बायकोचं घेत नाही. भाऊ घेतो. बाप घेतो. सगळं गाव घेतं. नवऱ्याची जीभ त्या नावाला लागत नाही.

साहेब म्हणाले, "सख्ख्या बहिणीचं नाव आठवत नाही तुम्हाला?" आवाजात संशय आला होता, आणि येणारच. मी मध्ये बोलू शकत नव्हते. दिपक बोलू शकत नव्हता. जबाब ज्याचा त्यानंच द्यायचा. श्रुतिका दारात उभी होती, ओढणी तोंडात धरून. बाबांनी तिच्याकडं बघितलं.

"रूपी," ते म्हणाले.

इतकं हळू की साहेबांनी विचारलं, "काय?"

"रूपी." या वेळी मोठ्यानं. साऱ्या अंगणाला ऐकू गेलं. "रूपी माझी भयीन."

साहेबांनी लिहून घेतलं. वाचून दाखवलं. बाबांनी अंगठा दिला. तीन आठवड्यांनी श्रुतिकाचा कागद आला आणि ती कॉलेजला गेली, हेही इथंच सांगून टाकते.

त्या दिवशी साहेबांची गाडी गेल्यावर मी निघाले. बाबा मला सोडायला रस्त्यापर्यंत आले. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, बाबा, तुम्ही पोरीचं आयुष्य केलंत. म्हटलं, वरून बघत असतील त्या. असली पोकळ वाक्यं मला एरवी सहन होत नाहीत, पण दुसरं काही सापडत नव्हतं. ते ऐकत नव्हते. थांब्यावर पोचलो तरी त्यांचे ओठ नुसते हलत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय. चाळीस-पंचेचाळीस वरसं संगं राह्यलो, एकदा नाव घेतला नाय मी तिचा. तिनं पण माझा नाय घेतला. तिला लय वाटायचा, बोलायची, मेल्यावर तरी घेशील काय." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते माझ्याकडं बघत राहिले. "आज घेतला, बाय. आन् तो पण भयीन करून."